कान्हेरीचा रस्ता आधी पायी चालणाऱ्यांना द्या

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या मुख्य फाटकापासून कान्हेरी लेण्यांचा पायथा साधारण सहा किलोमीटरवर आहे. धडधाकट माणसाला चालत सव्वा ते दीड तास लागतो, सायकलने अर्धा ते पाऊण तास. शेवटी चढ लागतो, दम लागतो, पण रस्ता झाडीतून जातो. या रस्त्यावर वर्षानुवर्षे शुल्क भरून खासगी मोटार थेट लेण्यांच्या पायथ्यापर्यंत नेण्याची पद्धत राहिली. मग गर्दी वाढली की गाड्यांना कधी बंदी, कधी सूट, कधी जादा शुल्क, कधी विजेवरच्या बसची घोषणा, असे चालत आले. नियम उद्या पुन्हा बदलतील. म्हणून मी नियमावर लिहीत नाही, रस्त्याच्या आखणीवर लिहिते आहे. उद्यानात खासगी मोटार नको, हे माझे स्पष्ट मत आहे. पण आधी चालायची वाट, मग सायकलची वाट, मग स्वस्त बस आणि सर्वांत शेवटी गाडीबंदीचा फलक, हा क्रम पाळला पाहिजे. क्रम उलटला तर मोटारवाला दुसरीकडे फिरायला जाईल. अडकेल ती गुडघे दुखणारी आपली आजी, जिला लेण्यांतल्या बुद्धरूपाचे दर्शन एकदा घ्यायचे आहे.

आरोग्याच्या पानावर रस्त्याची चर्चा कशाला, असे काही वाचक म्हणतील. मी नर्सिंगचा डिप्लोमा करून बारा वर्षे वॉर्डात काढली आणि नंतर वस्तीत काम करू लागले. वॉर्डात ज्या आजारांची फाइल उघडते त्यांतले अर्धेअधिक वस्तीच्या गल्लीत सुरू झालेले असतात. साखर, बीपी, स्थूलपणा, गुडघेदुखी. प्रत्येक पेशंटला डॉक्टर सांगतात, 'रोज चाला.' पेशंट मान डोलावते आणि घरी येते. घर कुठे, तर तीन-चार फुटी बोळात, मध्ये उघडे गटार, दारात उभ्या मोटारसायकली, वर लोंबणाऱ्या वायरी. चालायचे कुठे? हा प्रश्न प्रिस्क्रिप्शनवर कोणी लिहीत नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम दमाचा व्यायाम करावा आणि पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे अंगमेहनतीचे खेळ खेळावेत. वस्तीतली बाई यावर हसते. 'सिस्टर, चार घरची धुणीभांडी करते, पाणी भरते, आणखी कसला व्यायाम?' तिचे हसणे मला समजते, पण तिला एक गोष्ट सांगावी लागते. वाकून भांडी घासणे, हंडा कमरेवर घेणे, तासन्‌तास उभे राहणे यांनी कंबर आणि गुडघे झिजतात, शरीर थकते; हृदय आणि फुप्फुसाला जे सलग, एका लयीत काम हवे असते ते त्यातून पुरेसे मिळतेच असे नाही. अर्धा तास भरभर चालले की पायाचे मोठे स्नायू रक्तातली साखर स्वतःकडे ओढून घेतात, आणि हे काम ते इन्शुलिनवर फारसे अवलंबून न राहता करतात. साखरेच्या पेशंटसाठी चालणे हे औषधाच्या जोडीचे औषध आहे ते यामुळे. (औषधाच्या जागी नव्हे. गोळी बंद करून चालायला लागणारे दोन जण दर महिन्याला भेटतात.)

ही वाट मुंबईत कुठे मिळेल? फुटपाथवर खोदकाम आणि दुकानांचे सामान, मैदानावर लग्नाचा मांडव, सोसायटीच्या बागेला कुलूप. उरते ते सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे जंगल, आणि त्याच्या काठाला चिकटून आपल्या किती वस्त्या आहेत ते पाहा. मालाडचा अप्पापाडा, कांदिवलीचे दामूनगर, दहिसरचा केतकीपाडा. जंगल उंबऱ्याशी आहे आणि तरी वस्तीतल्या बहुतेक मुलांनी ते फार तर शाळेच्या सहलीत पाहिलेले असते.

आता मोटारीचे पाहू. शहरातल्या रस्त्यावर माणूस सावध असतो. उद्यानात तो सावध नसतो, तिथे तो सावधपणा उतरवून ठेवायलाच जातो. पोर हात सोडून पळते, म्हातारा मध्येच उभा राहून झाडावरचे माकड पाहतो. अशा रस्त्यावर मोटार आली की कोणी तरी सारखे ओरडत राहते, 'बाजूला व्हा.' ताशी ३० किलोमीटरच्या गाडीपेक्षा ताशी ५० च्या त्याच गाडीचा आघात जवळजवळ पावणेतीनपट जोराचा असतो, कारण आघाताची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते. अपघात विभागात काम केलेल्या माणसाला हे गणित सांगावे लागत नाही. शिवाय चढावर खालच्या गिअरमध्ये रेटणाऱ्या गाडीचा धूर नेमका त्याच्याच तोंडावर येतो जो चढामुळे जास्त खोल श्वास घेत असतो, म्हणजे चालणाऱ्याच्या आणि सायकलवाल्याच्या.

जागेचे गणित तर आणखी बोलके आहे. एका मोटारीला उभी राहायला अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा धरतात. आपली दहा बाय बाराची खोली म्हणजे सव्वाअकरा चौरस मीटरही भरत नाही. म्हणजे ज्या खोलीत आपण पाच-सहा माणसे राहतो, स्वयंपाक करतो आणि पोरांचा अभ्यास घेतो, त्याहून मोठी जागा एक गाडी रविवारी दोन तास नुसती उभी राहण्यासाठी वापरते, तीही जंगलात. शंभर गाड्यांतून तीन-चारशे माणसे येतात. तेवढी माणसे दहा बसफेऱ्यांत येतात, आणि त्या दहा फेऱ्या दोन-तीन बसही मारू शकतात.

हे कुणी करून दाखवले आहे का, असे विचाराल. अमेरिकेतल्या युटा राज्यात झायन नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. अरुंद दरी, तीत एकच रस्ता, आणि त्यावर मोटारींची रांग. २००० साली तिथे फुकट बससेवा सुरू झाली, आणि बस चालते त्या हंगामात दरीतला मुख्य रस्ता खासगी गाड्यांना बंद केला गेला. बसला सायकल अडकवायची सोय आहे. दरीच्या तोंडाशी पावणेतीन किलोमीटरची एक सपाट पक्की वाट आहे, तिच्यावर चालणारे, सायकलवाले आणि चाकाच्या खुर्चीवरचे लोक एकत्र जातात. बस आणि बंदी तिथे हातात हात घालून आली, मला पटले ते हे.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे उदाहरण जास्त शिकवणारे आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले त्याच्यापासून ही बाग चालत जाण्याच्या अंतरावर आहे. बागेतून मोटारींचे रस्ते जात. १९६० च्या दशकात सुट्टीच्या दिवशी ते गाड्यांना बंद ठेवायला सुरुवात झाली, हळूहळू तास वाढवत नेले आणि २०१८ साली बागेतल्या फेरीच्या रस्त्यांवरून मोटारी पूर्ण हटल्या. म्हणजे पन्नास वर्षे लागली. पण त्या बागेची एक जुनी गोष्टही आहे. जिथे आज लोक सायकल चालवतात तिथल्या एका भागात सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती. सुमारे सव्वादोनशे माणसे, बहुतेक कृष्णवर्णीय, अनेकांची स्वतःच्या मालकीची घरे, त्यांची चर्च, त्यांची शाळा. १८५७ साली बागेसाठी ती वस्ती उठवली गेली.

हे वाचून कुणाला चांदिवली आठवली असेल तर ते साहजिक आहे. बोरिवलीच्या जंगलातले अतिक्रमण हटवावे म्हणून १९९५ साली याचिका झाली, १९९७ साली उच्च न्यायालयाचा आदेश आला आणि पुढच्या काही वर्षांत हजारो झोपड्या तोडल्या गेल्या. पात्र ठरलेल्यांपैकी अनेकांना चांदिवलीत घरे मिळाली, अनेक कुटुंबे कुठेच धरली गेली नाहीत. जंगल वाचले पाहिजे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. विहार आणि तुळशी तलाव याच जंगलात आहेत आणि मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्यातला वाटा तिथून येतो. पण ज्या जंगलाला गरिबाच्या चुलीचा धूर सोसत नाही त्याला मोटारीचा धूर कसा सोसतो, हा प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला आहे. फाटकातून गाडीने आला तो पर्यटक आणि भिंतीपलीकडून चालत आला तो घुसखोर, ही विभागणी मला मान्य नाही.

भिंत पाडा असे मात्र मी म्हणत नाही. पलीकडे बिबटे आहेत आणि अलीकडे आपली मुले आहेत. भिंतीचा उपयोग दोघांना आहे. माझी मागणी वेगळी आहे. चालायची आणि सायकलची वाट फाटकाच्या आत सुरू होऊन उपयोग नाही. बोरिवली स्टेशनवरून फाटक चालत जाण्यासारखे आहे, पण मध्ये पश्चिम द्रुतगती महामार्ग आडवा पडलेला आहे. कडेवर मूल आणि हातात डब्याची पिशवी घेऊन निघालेल्या बाईला तो रस्ता ओलांडायला लावणे म्हणजे तिला रिक्षात बसवणे. स्टेशन ते फाटक आणि काठावरच्या वस्त्या ते फाटक अशी सलग, सपाट, रुंद पायवाट झाली नाही तर उद्यानातली सायकल फक्त त्यांची राहील जे गाडीने फाटकापर्यंत येऊन गाडी लावतात आणि आत शिरून सायकल चालवतात. त्याने उद्यानातली गर्दी कमी होईल आणि फाटकाबाहेर तुंबेल.

भाड्याच्या सायकलीबद्दलही बोलायला हवे. भाडे तासावर लावले की कुटुंबाला कान्हेरी परवडत नाही, कारण जाऊन, लेणी पाहून यायला चार तास सहज लागतात. भाडे अर्ध्या दिवसाचे असावे. उंच दांड्याच्या सायकलीवर साडीतली बाई बसू शकत नाही, म्हणून खाली दांडा असलेल्या, मागे मुलाची खुर्ची असलेल्या आणि आठ-दहा वर्षांच्या पोरांच्या मापाच्या सायकली हव्यात. अनामत म्हणून मोठी रक्कम मागू नये. या सायकली दुरुस्त करण्याचे आणि सांभाळण्याचे काम जंगलातल्या पाड्यांवरच्या आदिवासी तरुणांना आणि काठावरच्या वस्त्यांतल्या पोरांना मिळावे, बाहेरच्या ठेकेदाराला नाही.

आखणीत आणखी एक गोष्ट सुटते ती उताराची. जाताना सायकल चालणाऱ्याच्या वेगाने चढते, येताना तीच सुसाट खाली येते. चालणारे आणि सायकलवाले चढावर एका वाटेवर चालतील, उतारावर वेगळे केलेच पाहिजेत. पांढरा पट्टा मारून भागत नाही, मध्ये दगडाची किनार हवी. पावसाळ्यात शेवाळ धरते, सायकल घसरते आणि माणूस हात टेकून पडतो. मनगट मोडते ते असे. ब्रेक तपासून मगच सायकल द्यावी आणि डोक्याला हेल्मेट द्यावे. दर किलोमीटरला पिण्याचे पाणी, बसायला ओटा आणि बायकांसाठी स्वच्छ संडास असावा. मी सभेत हा शेवटचा मुद्दा काढला की पुरुष मंडळी खाली बघतात. पण संडास नाही म्हणून बाई सकाळपासून पाणी पीत नाही, आणि पाणी न पिता उन्हात चालून लघवीला जळजळ घेऊन दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येते. संडास हा वाटेच्या आराखड्याचाच भाग आहे.

बसचे तिकीट शहरातल्या साध्या बसइतके असावे. ज्याला चालवत नाही, ज्याला दिसत नाही, जिला आठवा महिना आहे, त्यांच्यासाठी बस ही दया नाही. गाडीबंदी करताना हे विसरले की काय होते ते माथेरानला दिसले. मोटारबंदीचे ठिकाण म्हणून आपण त्याचे कौतुक करतो, पण तिथे माणसांना बसवून माणसेच हातरिक्षा ओढत राहिली. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने ही पद्धत सहा महिन्यांत बंद करून ई-रिक्षाकडे वळण्याचा आदेश दिला. मोटारीच्या धुराऐवजी माणसाचा घाम चालेल, असला पर्यावरणवाद आपल्याला नको.

आता थोडे आपल्या घरात. बुद्धपौर्णिमेला अनेक वस्त्यांतून लोक कान्हेरीला जातात. टेम्पो ठरतो, जीप ठरते, आणि तरुण पोरे निळे-पंचरंगी झेंडे लावून, सायलेन्सर काढून मोटारसायकली पिटाळतात. हे मला बोलायलाच हवे. जिथे शतकानुशतके भिक्खूंनी ध्यान केले तिथे आपण हॉर्न वाजवत पोहोचतो. इ.स.पूर्व पहिल्या शतकापासून पुढे सुमारे हजार वर्षे या डोंगरात शंभराहून अधिक लेणी खोदली गेली. कल्याणच्या, सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी दाने दिली. एका शिलालेखात लेणे, पाण्याची पोढी आणि बसायचे ओटे यांच्या बरोबरीने चंक्रमणाची वाट दान दिल्याची नोंद आहे. चंक्रमण म्हणजे सजगपणे येरझाऱ्या घालत चालणे. म्हणजे वाट, पाणी आणि ओटा ही मी वर मागितलेली यादी त्या दात्याने आधीच पुरी केली होती. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. प्रवास सोसण्याची ताकद येते, मेहनत सोसते, आजार कमी होतात, खाल्लेले नीट पचते आणि एकाग्रता टिकते. यातले पहिले चार कोणतीही नर्स डोळे मिटून लिहून देईल.

सायकलबद्दल आपल्या मनात एक अढी आहे, तीही समजून घ्यावी लागेल. आपल्या वडिलांच्या पिढीने गिरणीला, गोदीला, कंपनीला सायकल नाइलाजाने मारली. मुलाने मोटारसायकल घेतली तेव्हा घर वर आल्यासारखे वाटले. त्या मुलाला 'सायकल चालव, पर्यावरण वाचव' असे मोटारीतून उतरून कुणी सांगितले तर तो चिडणारच. मीही चिडते. म्हणून सायकल गरिबाला उपदेश म्हणून नको, सोय म्हणून हवी. बिहारमध्ये २००६ पासून शाळेत जाणाऱ्या मुलींना सायकली मिळू लागल्या आणि गावोगावच्या मुली हायस्कुलात पोहोचल्या. तिथे सायकलीने अंतर तोडले आणि घरच्यांची भीतीही तोडली. आपल्या वस्तीतल्या किती मुलींना सायकल येते, जरा मोजून पाहा. ज्यांना येत नाही त्यांना शिकायला उद्यानातला मोटार नसलेला रस्ता यासारखी जागा मुंबईत दुसरी नाही.

राष्ट्रीय उद्यानाभोवतीचे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र २०१६ साली अधिसूचित झाले, आणि त्यासाठी झोनल मास्टर प्लॅन करण्याची तरतूद आहे. असे आराखडे निघतात तेव्हा हरकती आणि सूचना मागवल्या जातात. त्या पाठवतात ते मॉर्निंग वॉकवाले, बिल्डर आणि पर्यावरणवाले. विहार समित्या, महिला मंडळे, बचत गट यांची पत्रे तिथे दिसली पाहिजेत. पत्र लांबलचक नको. आमच्या वस्तीपासून फाटकापर्यंत पायवाट कुठून हवी, रस्ता कुठे ओलांडता येत नाही, संडास कुठे हवा, बसचे तिकीट किती परवडेल, एवढे हाताने काढलेल्या नकाशासह लिहिले तरी पुरे. नकाशा काढण्यासाठी तो रस्ता एकदा चालावा लागेल.

तेव्हा दहा-पंधरा जणींनी मिळून जा. सकाळी फाटक उघडले की निघा आणि ऊन चढायच्या आत लेण्यांवर पोहोचा. वैशाखात गेलात तर मीठ-साखरेचे पाणी बरोबर ठेवा. साखरेची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी उपाशी चालू नये, खिशात बिस्किटे किंवा गूळ असावा. घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच बसून ते खावे. अनवाणी किंवा झिजलेल्या चपलेने नको, साखरेच्या पेशंटला पायाची जखम कळत नाही. घरी आल्यावर तळवे पाहावेत. छातीत दुखत असेल किंवा चार पायऱ्यांत धाप लागत असेल तर आधी तपासणी, मग कान्हेरी. मुलांना घोळक्याच्या मध्ये ठेवा, पायवाट सोडून झुडपात बसू देऊ नका, आणि दिवस कलायच्या आत बाहेर पडा, कारण संध्याकाळची वेळ बिबट्याची आहे. सोमवारी उद्यान बंद असते.